फ्लीलँडला उतरलोच नाही

२१ जुलै २०२०, मंगळवार. टेरस्खेलिंग बेट, नेदरलँड्स

यानने आज पुन्हा झापलं. इथल्या हॉटेलचा आचारी. "अंबरीश, तुझं लक्ष असतं कुठे?" कुठे असणार! भांडी घासायच्या सिंकसमोर खिडकी आहे. हवा स्वच्छ असली की पलीकडे पाण्यावर एक पिवळट रेघ दिसते. ते फ्लीलँड. शेजारचं बेट. तिथे ऋता आहे, युनिव्हर्सिटीसाठी पक्षी मोजतेय. इथे मी, तळणीचे झारे खरवडतोय. मधे समुद्र.

लोकांना सांगतो, समुद्र आवडतो म्हणून आलो. समुद्र! मला पोहतासुद्धा येत नाही.

२२ जुलै

आईचा फोन. उइटहॉर्नला घरी सगळे ठीक. मागून बाबा, मला ऐकू येईल अशा बेताने — "विचार त्याला, प्लेटा चकचकीत निघतात का!" ठेवलाच फोन.

एप्रिलमध्ये वाखनिंगनचं कॉलेज सोडलं तेव्हा म्हणाले होते, "पुण्याहून तुला भांडी घासायला आणलं होतं का?" म्हणून मी मुद्दाम भांड्यांचंच काम शोधलं. आता हात सोलवटलेत आणि कळत नाही, हा सूड नेमका कोणावर.

आणि सोडलं का? ऑनलाइन क्लास, स्क्रीनभर चौकोन, त्यातली शिकवणारी बाई म्हणाली, "तुमचं गटात जमत नाही असं दिसतं." सगळ्यांसमोर! मी कॅमेरा बंद केला. पुन्हा लावलाच नाही. एवढंच. ऋता तेव्हाच फ्लीलँडला निघाली होती, तो योगायोग.

योगायोग कसला.

२६ जुलै, रविवार

जूनमधली भेट डोक्यातून जात नाही. वाळूतून चालत होतो. करोनाचं दीड मीटर अंतर म्हणजे किती, ते तिने हात लांब करून दाखवलं. मीही केला. बोटं टेकली. तिने हात काढला नाही. मग काढला. याचा अर्थ काय?

निघताना म्हणाली, "कॉलेज माझ्यामुळे नाही ना सोडलंस?"
"छे!"
तिला बरं वाटलं की वाईट? मास्क होता. या करोनात माणूस अर्धाच कळतो.

माझ्या ताईशी मात्र तासन्‌तास बोलते. नीलांबरीताई पुण्यात, सासरी. गेल्या गणपतीत मीच व्हिडिओवर ओळख करून दिली. आता दोघींची गट्टी आणि मी बाहेर!

३० जुलै, गुरुवार

ऋताचा मेसेज!!!

"सोमवारी सकाळच्या बोटीने ये. काम आहे."
"काय काम?"
"आल्यावर. आणि आंघोळ करून ये. तळणाच्या वासाने सीगल मागे लागतील."

आंघोळ! तीनदा करीन!

पण तिची सुट्टी बुधवारी असते. मग सोमवार का? मुद्दाम घेतली असणार. माझ्यासाठी. की तसं काही नाहीच? बोटीचं बुकिंग केलं — करोनामुळे निम्मीच माणसं घेतात — जायची सकाळची, यायची संध्याकाळची. यानकडे सुट्टी मागितली. "प्रेयसी?" म्हटलं, "अजून नाही." हसला. पहिल्यांदाच.

१ ऑगस्ट

शर्टाला इस्त्री केली. हॉटेलची इस्त्री, तिलाही तळणाचा वास. छे!

३ ऑगस्ट, सोमवार

लिहू कसं! राग आलाय की आणखी काही, माहीत नाही.

सकाळी छान होतं सगळं. छोटीशी बोट, वरच्या डेकवर मी. ओहोटी होती, वाळूचे पट्टे उघडे पडलेले, त्यांवर सील लोळत होते, मास्कबिस्क काही नाही. सीत्स्के ओरडली, "मास्क नाकावर!" बोटीवर दोर टाकते ती, चाळिशीची, आवाज भोंग्यासारखा. मी मास्क वर घेतला. गाणं म्हणत होतो मास्कच्या आत.

तेवढ्यात आईचा फोन. "अंबू, आज काहीतरी गोड खा हं. ताई सकाळी रडत होती रे. भारतातून पोस्टच बंद, यंदा तुला राखी नाही."
"आज?"
"अरे, आज राखीपौर्णिमा!"

डोक्यात लख्ख उजेड पडला. सोमवार. आंघोळ. काम आहे.

पाहिलंय मी हे, पुण्यात, आठवीत. वर्गातला रुचिर त्या दिवशी ताप आणून घरी राहिला, तर त्याला आवडणाऱ्या मुलीने दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गाठून बांधली. वर पेढा भरवला. वर 'दादा' म्हणाली! दहावीपर्यंत दादाच राहिला बिचारा.

फ्लीलँडचा धक्का आला. ऋता उभी. रोज रबरी बूट घालणारी मुलगी — आज निळा कुर्ता! एका हातात स्टीलचा डबा. दुसरा हात तिने हलवला आणि त्यातून लाल काहीतरी लोंबत होतं. लोकरीचं. मधे चमकणारं.

पाय हललेच नाहीत.

"उतर," सीत्स्के म्हणाली.
"नाही उतरत."
"तुझं परतीचं बुकिंग संध्याकाळचं आहे."
"माहितेय."
"म्हणजे आत्ता तू या बोटीत नाहीस."
"पण मी आहे!"

तिने धक्क्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ती का? चांगली आहे की!"
"तिच्या हातातला दोरा बघ. तो एकदा बांधला की मी तिचा भाऊ. जन्मभर."
"कोण म्हणतं?"
"सगळे!"
सीत्स्केने हातातल्या जाडजूड दोराकडे पाहिलं. "आमच्याकडे दोराने फक्त बोट बांधतात," म्हणाली. "जा तिकडे, कोपऱ्यात उभा राहा. दीड मीटर."

बोट निघाली. ऋता काहीतरी ओरडली. इंजिनाच्या आवाजात काही कळलं नाही. मग तिने हात खाली घेतला.

मी बरोबर केलं. केलंच! मग हे असं का होतंय?

४ ऑगस्ट

ती : "होतास तू बोटीवर. मी पाहिलं. उतरला का नाहीस?"

मी विचार न करता (करतो कधी!) : "मला भाऊ व्हायचं नाही. दुसरा शोध."

खूप वेळ टायपिंग... टायपिंग... मग : "गाढव आहेस."

बस. पुढे काही नाही. गाढव — रागाने की मायेने? यानला विचारलं. म्हणाला, आधी कढई घास.

५ ऑगस्ट

दोन मेसेज टाकले. टिक्स निळ्या, म्हणजे वाचलेत. उत्तर नाही. पिवळी रेघ आज जास्तच स्पष्ट दिसतेय, मेली.

६ ऑगस्ट, सकाळ

ताईचा व्हिडिओ कॉल. भडकलेली. "राखी न घेता पळालास? माझी राखी! पोस्ट बंद म्हणून मीच ऋताला म्हटलं, माझ्या नावाने एक करून बांध त्याला. पोरीने स्वतः विणली रे! नारळीभात केला!"

मी फोन खिडकीत टेकवला.

"करून देते म्हणाली. बांधणार मात्र नाही म्हणाली. 'त्याची त्याला बांधू दे, ताई.' मी विचारलं, का गं? तर नुसती हसली. — अंबू? ऐकतोयस ना?"

आजच्या सगळ्या बोटी भरलेल्या. उकाडा आहे, अख्खा देश बेटांवर लोटलाय. आंघोळ करून धक्क्यावर निघालोय. सीत्स्केला सांगेन, कोपऱ्यात उभा राहतो.