वरदाची शिक्षा

२९ सप्टेंबर, रविवार
लेकाचा, गिरीशचा खोकला बरा. सूनबाई अलकाची पाठ अजून धरलेलीच. माझे गुडघे — त्यांचं काय विचारता! वरदा ठणठणीत, पण फुरंगटलेली. नातीला युनिव्हर्सिटीत ग्रीक शिकायचंय. बाप म्हणतो, मेडिसिन. स्वतः ग्लासगोत इतकी वर्षं डॉक्टर, त्याला दुसरं काही दिसतच नाही. मेडिसिनचा अर्ज पंधरा ऑक्टोबरपर्यंत.

३ ऑक्टोबर
दसऱ्याला महाराष्ट्र मंडळात वरदा मराठीतून बोलणार — ग्रीकांच्या पाताळावर! मी चौथी शिकलेली, पण लायब्ररीतून लहान मुलांची पुस्तकं आणून त्यांचा नरक वाचून काढला. टँटलस गळ्यापर्यंत पाण्यात उभा, तरी घसा कोरडा. वाकला की पाणी पळतं. सिसिफस धोंडा डोंगरावर ढकलतो. टोकाशी आला की धोंडा घरंगळत खाली!
पोरगी सांगते फक्कड. घोळ एकच. 'शिक्षण' म्हणायचं तिथे 'शिक्षा' म्हणते — हिंदी सिनेमांची कृपा. "अगं, शिक्षा म्हणजे पनिशमेंट," मी सांगते. "ओके आजी, सॉरी." की पुन्हा तेच.

९ ऑक्टोबर
वरदाने अर्ज उघडलेलाही नाही. गिरीशही तिच्याशी बोलत नाही. मधल्यामधे मी.

१२ ऑक्टोबर, दसरा
काय बोलली माझी वरदा! हातात कागद नाही. सभागृह चिडीचूप. म्हणाली, आपला नरक बरा, भोगून झालं की सुटका होते. ग्रीकांच्या त्या धोंड्याला सुटका नाही. माझा ऊर भरून आला.
शेवटी आमचे आभार मानायला गेली. "आजीनी माझ्या बाबांना खूप मोठा शिक्षा दिला, म्हणून ते डॉक्टर झाले. आता बाबा मला तोच शिक्षा देणार आहेत."
सगळे खो खो हसले. टाळ्या थांबेनात. मीही हसले, डोळ्यांना पदर लावून. गिरीश हसला नाही.

१३ ऑक्टोबर
वरदाला कळलंच नव्हतं लोक का हसले ते. मी समजावलं तर म्हणते, "ओ नो, आजी!" आणि खोलीत पळाली.

१५ ऑक्टोबर
मेडिसिनची मुदत गेली. वरदाने अर्ज केला नाही, गिरीशने विचारलं नाही. संध्याकाळी तिचं ग्रीकचं पुस्तक घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. पहिलं पान उघडलं.
"आई, माझी शिक्षा संपत आली. रिटायर झालो की हे शिकेन म्हणतो."
मी शब्द सुधारला नाही.