आत जाऊन पाणी पिऊन या

आई, कोलशेतच्या या घरात आज दुपारभर खाडीवरून वारा येतोय आणि मला मधूनमधून डुलकी लागतेय. डुलकीत तू दिसतेस. मोहने गावातल्या आपल्या दोन खोल्यांत, पदर खोचून, चटया अंथरताना. रविवार आहे. मंडळी गुडघ्याला गुडघा लावून बसली आहेत, कारण आपल्याला तेव्हा चर्चची इमारत नव्हती, आपलं घर हेच चर्च. बाबा पेटी वाजवतायत आणि ती नेहमीसारखी एका सुरावर अडकतेय. उपासना संपते, माणसं चपला शोधायला लागतात, तेवढ्यात तू दारात उभी राहतेस आणि म्हणतेस, "आत जाऊन पाणी पिऊन या." मग एकेक जण कापडी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात जातो. तिथे माठ आहे आणि माठाशेजारी तांदळाचं पिंप. ज्याच्याकडे असेल त्याने टाकायचं, ज्याला हवं त्याने काढायचं, पण आत प्रत्येकाने जायचंच, एकट्याने, पडदा ओढून. पिशवी जड होऊन आली की हलकी, हे बघायची सोय नव्हती. तू स्वतःसुद्धा पडद्याकडे पाठ करून उभी राहायचीस. मला लहानपणी नवल वाटायचं, की देवाचं नाव घेतलं की सगळ्यांना एवढी तहान का लागते.

आणखी एका गोष्टीचं नवल वाटायचं. रविवारचा भात तुला कधीच जमत नसे. अर्धा गिचका, अर्धा कच्चा. एरवी तुझ्या हातचा भात कसा मोकळा व्हायचा! गावातला कारखाना बंद पडला त्या वर्षी एका रविवारी मी ताट सरकवलं आणि म्हणाले, "शेजारच्या काकूंकडून शीक ना भात करायला." तू एवढंच म्हणालीस, "जेव मुकाट्यानं." मी रडत जेवले. मग संध्याकाळी तू तांदूळ निवडत होतीस, मी तुझ्या मांडीला टेकून बसले होते, आणि सूप न थांबवता तू बोललीस, "त्या पिंपातली मूठभर आपणही घेतो गं दर रविवारी. कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा जाडा. सगळे एका आचेवर कसे शिजतील?" मी विचारलं, "पण आपल्याकडे तर तांदूळ आहे." तू म्हणालीस, "म्हणूनच. नुसतं देत राहिलं की मान ताठ होते." मला काही कळलं नाही. सुपाचा आवाज तेवढा छान वाटत होता, अजून येतो कानात.

आता आमचं चर्च कळव्याला आहे, पक्कं, टाइल्स लावलेलं. बाकांवर देणाऱ्यांची नावं आहेत. पंख्यांच्या पात्यांवरही आहेत, पण पंखा सुरू झाला की ती वाचता येत नाहीत, तेवढीच काय ती नम्रता. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. नाताळात गरजूंना किराण्याचे किट वाटले, एकेकाला पुढे बोलावून, फोटो काढून. त्यातली एक तरुण बाई, नवरा वारलेला, एक मुलगा, ती त्यानंतर यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेले. चहा करता करता ती म्हणाली, "राग नाही हो, काकू. पण फोटोत माझा पोरगा किट धरून हसतोय. ग्रुपवर फिरला तो फोटो. शाळेत पोरं चिडवतात त्याला." मला त्या घरात वर बघवेना. किटसाठी पैसे देणाऱ्यांत मी होते, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार.

त्याच सुमारास कमिटीने ठरवलं, की मागच्या नव्या खोलीला तुझं नाव द्यायचं, देणगी माझी. "ताई, मजकूर पाठवा ना, दगडवाला थांबलाय," असा रोज फोन. खोटं कशाला बोलू, मला आवडलं होतं ते. काळ्या दगडावर तुझं नाव सोनेरी अक्षरांत. पण तू डुलकीत येतेस ती पाठ करूनच उभी असतेस. शेवटी मी सांगितलं, दगड नको, त्या खोलीत एक पिंप आणि एक माठ ठेवू, आणि दाराला पडदा. कमिटीचे एक काका म्हणाले, "अहो, आता तांदूळ कोण आणणार? क्यूआर कोड लावलाय की." चर्चचे पाळक मात्र म्हणाले, "येशूची पहिली मंडळी घरोघर भाकर मोडायची, तेव्हा कुठे पाटी होती?" काका तोंडातल्या तोंडात पुटपुटले, पण पडद्याचं कापड त्यांनीच आणून दिलं.

गेल्या रविवारी ती तरुण बाई आली. मीच पुन्हा जाऊन सांगितलं होतं, पण येईल असं वाटलं नव्हतं. उपासनेनंतर मी तुझ्यासारखी दारात उभी राहिले आणि तुझंच वाक्य म्हणाले. माणसं आधी संकोचली, मग जायला लागली. काकासुद्धा गेले. ती शेवटपर्यंत बाकावरच बसून राहिली, मुलाचा हात धरून. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, माझ्याकडे आज टाकायला काहीच नाहीये."

"मग काय झालं? तहान नाही का लागली? आत जाऊन पाणी पिऊन ये."

मी पाठ केली. पडदा हलला, पुन्हा हलला. तिची पिशवी कशी होती मला माहीत नाही, आई, शपथेवर सांगते. ती माझ्याशेजारी येऊन थांबली आणि म्हणाली, "पाणी गार आहे हो, काकू."

हे पत्र तुला पाठवायला पत्ता नाही, तेव्हा घडी करून तांदळाच्या डब्यामागे ठेवून देईन. एकच सांगायचं राहिलं. सगळे गेल्यावर मीही आत गेले होते. पिशवीभर तांदूळ टाकला, माझा तो नेहमीचा महागातला, आणि निघाले. पडद्यापाशी थांबले, परत फिरले आणि मूठभर काढून घेतला. घरी भात केला, अर्धा गिचका, अर्धा कच्चा. पण आई, ती मूठ भरताना माझा हात थरथरत होता. देताना तो कधीच थरथरला नव्हता.