गाव नसलेल्यांची यादी

डिलाईल रोड, मुंबई १३
ता. १४ जून १९५९

ती. दादास,

धाकट्या उर्मिलेचा नमस्कार. इकडे सगळी बरी आहेत. तिकडेही असाल असं धरून चालते, कारण नऊ वर्षांत ना तू लिहिलंस ना मी. अक्षर ओळखून पत्र न फोडताच बाजूला टाकू नकोस, कामाचं आहे.

एप्रिलात आपल्या गावाच्या मुंबई मंडळाचे चिटणीस, लालबागचे गुरुदत्त, माझ्या शाळेत आले. तुझं नाव घेऊन म्हणाले, "हरणवाडीहून माधवचं पत्र आलंय. गावातली दहा घरं दिवाळीत मुंबईचे पाहुणे ठेवायला तयार आहेत. राहणं, जेवण, खाडीतली मासेमारी, भाताची झोडणी, सगळं दाखवणार, आणि माणशी ठराविक रक्कम घेणार. येणारे कोण, किती, त्यांना काय हवं, याची घरोघर चौकशी करायची आहे. तू मास्तरीण, तुला आता सुट्टी लागेलच." मंडळात शिकलेली माणसं काय थोडी आहेत? माझ्याकडेच का आले, कळेना. पण गावाचं नाव कानावर पडलं आणि मी हो म्हणून बसले.

बारा प्रश्न काढले, वही आखली आणि गिरगावात जाऊन सपशेल तोंडावर आपटले. मी विचारायची, "सुट्टीत खेड्यात राहायला आवडेल का?" आणि चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "अहो बाई, आम्हाला आमचं गाव आहे की. दुसऱ्याच्या गावात पैसे मोजून कोण राहील?" चव्वेचाळीस घरं झाली, सगळीकडे हेच. आंबेवाल्याच्या दारात आंबे विकत होते मी, दुसरं काय.

मग मे उजाडला. गिरगाव काय नि परळ काय, अर्ध्या चाळींना कुलपं लागली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या दाराला कुलूप नाही तिथेच विचारायचं. मे महिन्यातही जी माणसं मुंबईत उकडत बसतात, त्यांना जायला गाव नसतं.

त्यानंतर वही भरायला लागली. गिरगावातले कमलाकांत, पेढीवर हेडक्लार्क. कूळकायद्यात जमीन गेली तेव्हापासून गावी गेलेले नाहीत. म्हणाले, "काल आमच्या ओटीवर बसायला बिचकणारी माणसं आज मालक झाली. बरोबरच आहे ते, पण मला तिथे तोंड दाखवणं जड जातं. त्यापेक्षा अनोळखी गाव बरं." त्यांना संडास स्वच्छ हवा, बाकी मागणी नाही. परळच्या मीराबाईंचा नवरा गिरणीत वारला आणि सासरच्यांनी दार लावून घेतलं. मुलांना गायीला हात लावू द्याल का, एवढंच त्यांनी विचारलं. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात मनमोहन म्हणून सिंधी गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "बाई, मेरा गाँव तो उधर रह गया, पाकिस्तान में. अब तुम्हारा दिखाओ."

कामाचं सांगायचं तर लोकांना बघायची ठिकाणं नकोत. किल्ला, देवळं, समुद्र असं मोठं टिपण मी करून नेलं होतं, ते कोणी धड वाचलंही नाही. अंगणात झोपायला मिळेल का, चुलीवरची भाकरी असेल का, हे सगळ्यांनी विचारलं. आणि आम्ही आलेलं घरच्यांना आवडेल ना, हे तर विचारून विचारून भंडावलं. घरं तयार करताना हे लक्षात ठेवा.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. कुलूप नसलेली सर्वांत जास्त दारं माझ्याच रस्त्यावर निघाली. आमच्या चाळींतली माणसं, ह्यांच्यासकट, अडीच वर्षांपूर्वी बौद्ध झाली. गाव त्यांनाही आहे, पण तिथे गेलं की पुन्हा तीच वेस आणि तोच पायरीचा मान, म्हणून जात नाहीत. शेजारचा कोंडीराम येतो म्हणाला. त्याच्या आईने, कमलाबाईंनी, माझे बाराही प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माजा एकच हाय, बाय. पानी आमी काडायचं, का कुनी वरनं वतनार?"

दादा, त्याच गावात मी वाढले. परकराचा ओचा खोचून मीही वरून पाणी ओतलेलं आहे, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कमलाबाईंसमोर मला फार लाज वाटली.

गुरुदत्तांना वही दाखवली तर म्हणाले, "यादी गिरगाव-दादरपुरती ठेव. बाकीची नावं गावाला झेपायची नाहीत, सगळंच बारगळेल." म्हणून यादी त्यांच्या हातात न देता थेट तुला पाठवते. अकरा घरं आहेत, त्यांतली पाच डिलाईल रोडची. आडनावं पूर्ण लिहिली आहेत. त्यांतलं एखादं गावाला नको असेल, तर यादी तशीच परत पाठव. मी अकराही घरांना नाही म्हणून सांगेन.

अकरावं घर आमचं. सुमतीला, म्हणजे तुझ्या भाचीला, शाळेत बाईंनी गाव विचारलं. आठ वर्षांची पोर, "डिलाईल रोड" म्हणाली आणि वर्ग हसला. घरी येऊन मला म्हणाली, "आई, तुला तरी आहे का गं?" मी भांडी घासायला घेतली.

हे परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर आहेत. ह्यांच्याशी लग्न केल्याचा पश्चात्ताप मला एक दिवसही झाला नाही. पण गाव तुटल्याचं दुःख होतं, खूप होतं, आणि ते मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही. आम्ही तिघं इतरांसारखेच रीतसर पैसे भरून येऊ. तुझ्याच घरी ठेव असं म्हणत नाही. कुठेही ठेव.

वहिनीला नमस्कार. तो तिला सांगायचा की नाही, ते तू ठरव.

नऊ वर्षांत तुला कधी करून दाखवली नाही ती सही करते,
उर्मिला रामजी गमरे


हरणवाडी
ता. २ जुलै १९५९

चि. सौ. उर्मिला हिस दादाचे आशीर्वाद.

पत्र फोडलं. दोनदा वाचलं, आणि एकदा तुझ्या वहिनीला, यशोदेला, वाचून दाखवलं. तुझ्यासारखं लांबण मला लावता येत नाही, थोडक्यात लिहितो.

यादी गावच्या सभेत मोठ्याने वाचली, आडनावांसकट. दहा घरांतली सहा उठून गेली. चार उरली, त्यात आपलं एक. यशोदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, कमलाबाई भाकरी तांदळाची खातात की नाचणीची, ते कळवायला सांगा. चार घरांत सगळी एकदम मावणार नाहीत, म्हणून दिवाळीला सहा कुटुंबं आणि नाताळात चार. संडास नवा बांधायला घेतलाय. कमलाबाईंना सांग, विहीर आपल्या परसात आहे, पाणी त्यांनी आपल्या हाताने काढायचं. कोणी काही बोललंच तर मी तिथे उभा असेन.

आता माझं. गेल्या साली बेळगावच्या सत्याग्रहात मी सत्तावीस दिवस आत होतो. सगळ्या जातींची माणसं एका पंगतीला जेवायची. शेजारच्याने सहज विचारलं, मुंबईत तुमचं कोण असतं? मी म्हटलं, कोणी नाही. मुंबई आमची म्हणून घसा फोडत होतो आणि मुंबईत माझी बहीण राहते हे मला सांगवलं नाही. सुटून आल्यावर तुला लिहायला बसलो. चारदा फाडलं. मग हे पाहुण्यांचं काम निघालं, तेव्हा गुरुदत्तांना लिहिलं की चौकशी उर्मिलेकडेच द्या. कारण सांगितलं नाही. तेवढंच जमलं मला.

यादीतली दहा घरं नक्की. अकरावं मी खोडलं आहे. माहेरी येणाऱ्यांची नावं पाहुण्यांत लिहीत नाहीत, आणि दिवाळीपर्यंत थांबायचीही गरज नाही. रामजीरावांना माझा नमस्कार सांग. नऊ वर्षं उशीर झाला, तेवढा पोटात घाला.

तुझा चुकलेला दादा,
माधव