पत्र्यावरचा दगड

ऋषिराज बाळा,

बारामतीत फ्लॅट घेतोयस. "आई, वादळवाऱ्यात त्या पत्र्याच्या घरात राहू नकोस," म्हणतोस. मी नको म्हणते, तर तुला वाटतं लासुर्ण्यात तुझ्या दादांच्या आठवणीपायी राहिलेय.

दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात दादा अंगणात शेळी सोडायला गेले आणि पत्र्यावरचा दगड डोक्यात पडला. त्यातच ते गेले. तुला वाटतं, पत्र्याचे नवे हूक आवळून तू सगळे दगड उतरवलेस, त्यातला एक राहून गेला. बाळा, एकही राहिला नव्हता. तू गेल्यावर मीच ह्यांना, तुझ्या दादांना, म्हटलं, "हुकावर माझा भरवसा न्हाय. दगड ठेवा वर."

ते हसले. "अगं, पोरानं एवढं आवळलंय. दगडाला भिऊन वादळ माघारी जातंय व्हय?" तरी माझ्यासाठी शिडी लावली.

तुझा एकही पत्रा हलला नाही. माझा दगड तेवढा घरंगळला.

हे पत्र पाठवणार नाही. वाचताना तू एकटा असशील. रविवारी न्यायला येशील, तेव्हा समोर बसवून सांगेन. ऐकूनही "चल, आई" म्हणालास, तर पिशवी भरून ठेवलीय.

तुझी,
आई