ढालकिडे ताईकडे गेले

६ सप्टेंबर
अण्णांनी आज वडिलांच्या अधिकारात जाहीर केलं: या हंगामात ज्याचा कोबी चांगला, पुढे सगळं शेत त्याच्या हाती. एका बाजूला मी. वार्ताहर, कृषिपुरवणीचा लेखक, संस्कृत घेऊन पदवीधर. दुसऱ्या बाजूला माझी थोरली बहीण, गुडघे धरून बसलेली. याला स्पर्धा म्हणायलाही संकोच वाटतो.

९ सप्टेंबर
माझा बांध साफ केला. झुडपं, रानफुलं, वाळका पाला, सगळं. आता तिथे कॅरम खेळता येईल. ताईने तिच्या बांधाची काडी हलवलेली नाही. वाकवत नाही रे, म्हणाली. आळसाला गुडघ्याचं सर्टिफिकेट.

२८ सप्टेंबर
कोबीवर मावा पडला. पानाखाली राखाडी किडे, दाटीवाटीने. फवारणी करता येत नाही, कारण पुरवणीत तिच्याविरुद्ध लिहून बसलोय. मित्रकीटक मागवले. ढालकिडे. लाल पाठ, काळे ठिपके, मावा खाणं हा एकमेव छंद.

३ ऑक्टोबर, दुपारी
खोकं आलं. संध्याकाळी सोडा, जवळपास फुलं आणि आडोसा असू द्या, असं वर छापलंय. पण फोटोला उजेड दुपारी चांगला. आणि फुलं कशाला? लढायला आलेत, लग्नाला नव्हे. सोडण्यापूर्वी त्यांच्याशी चार शब्द बोललो. काही जण भाषण चालू असतानाच उडाले. उत्साह!

५ ऑक्टोबर
बातमी छापून आली: 'मित्रकीटकांनी कोबी वाचवला'. आता कोबीने फक्त बातमीप्रमाणे वागायचंय.

६ ऑक्टोबर
पानन् पान उलटून पाहिलं. ढालकिडा एकही नाही. मावा आहे, सहकुटुंब. ढालकिडे बहुधा दबा धरून बसले असावेत.

१० ऑक्टोबर
सापडले. ताईच्या बांधावर. तिच्या रानफुलांतले पराग चाखतात, वाळक्या गवतात वामकुक्षी घेतात आणि मधल्या वेळात तिचा मावा फस्त करतात. माझ्या खोक्यातून आलेले, माझं भाषण ऐकलेले! कृतघ्नता हा शब्द आजवर फक्त परीक्षेत लिहिला होता.

तडक ताईकडे गेलो. शांतपणे म्हणालो, माझे किडे परत दे. ती शेंगा सोलत होती. वर न बघताच म्हणाली,
"घेऊन जा की. फक्त तुझे तेवढेच ने. बाकीचे माझे आधीपासूनचे आहेत."

फरक कसा ओळखायचा, हे तिला विचारणं शक्य नव्हतं. बरणी घेऊन बराच वेळ उभा राहिलो. चेहऱ्यावरून जे अपराधी वाटले ते उचलून आणले.

११ ऑक्टोबर
सगळे परत तिकडेच.

१९ ऑक्टोबर
फुलांच्या बाबतीत तत्त्व न सोडता तडजोड केली. दिवाणखान्यातली प्लास्टिकची फुलं बांधावर रोवली. किडे फसले नाहीत. सौ. मात्र फुलदाणी रिकामी पाहून जे बोलली, त्यात कृत्रिम काही नव्हतं.

७ नोव्हेंबर
जेवताना भाजीची तारीफ केली. आपला कोबी अखेर रंगात आला, म्हणालो. सौ. म्हणाली, ताईंनी पाठवलाय. आपला धुवायला घेतला तर पानापेक्षा प्राणीच जास्त निघतात. म्हणजे घरही फुटलं. भाजी दुसऱ्यांदा घेतली, पण निषेधाच्या मनःस्थितीत.

१४ नोव्हेंबर
संकल्प: ताईशी अबोला. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

२ डिसेंबर
अण्णा काठी टेकत आले. ताईच्या कोबीतून सावकाश हिंडले, दोन गड्डे हातात तोलून पाहिले. माझ्या शेताची पाहणी बांधावरूनच आटोपली. मी बातमीचं कात्रण पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, कोबीकडे पाहिलं, पुन्हा वाचलं आणि घडी करून मला परत दिलं.

शेत ताई बघेल, म्हणाले.

माझा चेहरा पाहून ताईलाच कळवळा आला असावा. शेवटी रक्ताचं नातं. म्हणाली,
"याला त्याच्या बाजूचा बांध देऊ या, अण्णा. तिथे काही उपटायचं नाही, काही लावायचं नाही. जे उगवेल ते उगवू द्यायचं."

अण्णांनी विचारलं, "जमेल याला?"

ताईने माझ्या कॅरमच्या पटासारख्या बांधाकडे एकदा बघून घेतलं.