दक्षिण भागाचा नकाशा

३ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

ईमेल सोडून पोस्टाचं पत्र का, असं विचारशील. आमच्या कॉम्प्युटरवर मेल उघडेपर्यंत पोस्टमन दोनदा येऊन जाईल, म्हणून. सकाळी बटण दाबतो, दाढी करतो, आंघोळ करतो, पेपर जाहिरातींसकट वाचतो, तरी पडद्यावरचं ते गोल चक्र फिरतंच आहे. अकरा वर्षांचा झाला, पण माझ्यापेक्षा म्हातारा वागतो.

एरवी तक्रार केली नसती. पण मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर पाणीपुरवठा खात्याला माझी आठवण झाली आहे. मे महिन्यात रस्ते खोदणार आहेत, आणि जुने पाइप नि व्हॉल्व्ह जमिनीखाली नेमके कुठे आहेत, हे आता मलाच ठाऊक. एप्रिलअखेर नकाशा द्यायचा आहे. तेव्हा दुकानात शंभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतेस तसा भावाचाही कर. 'नवा घे' एवढंच सांगणार असशील तर शाई वाया घालवू नकोस.

हल्ली आतून टकटक आवाज येतो. तुझ्या वहिनीच्या मते तो माझ्या गुडघ्यांचा आहे.

कळावे. उत्तराला कॉम्प्युटरइतका वेळ लावू नये.
दादा

९ मार्च

ती. दादास, साष्टांग नमस्कार.

पत्रासोबत तू पाठवलेला पडद्याचा फोटो दुकानातल्या सगळ्यांनी पाहिला, माफ कर. व्हायरस पकडणारे तीन प्रोग्रॅम एकमेकांवरच पहारा देताहेत. ज्या प्रिंटरला तू स्वतः निरोप दिलास, त्याचा प्रोग्रॅम रोज सकाळी त्याला शोधतोय. हे सगळं बटण दाबल्याबरोबर एकदम उठतं आणि दारात चेंगराचेंगरी होते. नको ते काढून टाक, थोडा फरक पडेल.

पण खरं दुखणं हार्ड डिस्कचं. तिच्यात एक तबकडी फिरते आणि एक बारीक सुई तिच्यावरून पुढेमागे धावत वाचते. ती सुई दमली आहे. टकटक तिची आहे, गुडघ्यांची नाही, असं वहिनीला सांग. सोबत एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, पाठवते आहे. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे वाट पाहणंही नाही. ती तिथल्या दुरुस्तीवाल्याकडून बसवून घे. स्वतः पेचकस हातात घेऊ नकोस. लहानपणी तू उघडलेला रेडिओ शेवटपर्यंत डब्यातच राहिला.

आणि दादा, हे थट्टेत सांगत नाही. सगळ्याच्या आधी नकाशा पेन ड्राइव्हवर उतरवून घे. आजच.

माया आहेच, ती रागावण्यातून ओळखावी.
धाकटी

१७ मार्च

प्रिय धाकट्या वन्संना, सप्रेम नमस्कार.

पार्सल पोचलं आणि खणात जाऊन बसलं. हे म्हणतात, नकाशा संपला की बसवू. मी आठ दिवस पाहते आहे. चक्र फिरायचं थांबतं, नकाशा उघडतो, तरी यांचा हात हलत नाही.

खात्यातल्या इंजिनिअरबाईंचा रोज सकाळी फोन येतो. अमका व्हॉल्व्ह कुठे, तमका पाइप किती खोल. हे उभं राहून उत्तर देतात, ऑफिसात असल्यासारखे. फोन आला नाही त्या दिवशी चहा पातळ लागतो. परवा मी सरळच विचारलं, तर खिडकीकडे बघत म्हणाले, "एकदा नकाशा हातात पडला की मला कोण कशाला विचारेल?"

मी सांगितलं असं कळू देऊ नका. तुम्ही रागावलात तर कदाचित ऐकतील. मी रागावले की ऐकू येत नाही म्हणतात.

आठवण ठेवता, तशीच ठेवा.
वहिनी

२६ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी दहाला टकटक थांबली. पडदा काळा झाला, तो काळाच राहिला.

रविवारी तुझ्या धाकानं नकाशाचे उत्तर, पूर्व आणि पश्चिम भाग पेन ड्राइव्हवर घेतले होते. दक्षिण भाग अपुरा म्हणून घेतला नव्हता. अपुरा म्हणजे काय, तर दोन गल्ल्या राहिल्या होत्या. महिनाभर त्या दोन गल्ल्याच राहिल्या होत्या. मोजमापांच्या वह्या नकाशात उतरवल्या तशा मीच मोठ्या रुबाबात रद्दीत घातल्या. डिस्क तुझ्याकडे पाठवली आहे.

आता तुला खरं सांगतो. ती मंद होती, पण मी तिच्याआड लपलो होतो. काम संपू नये, असं वाटत होतं.

आज थट्टा केलीस तरी चालेल.
दादा

२ एप्रिल

ती. दादास, साष्टांग नमस्कार.

दोन दिवस खपले. तुझे फोटो, वहिनीची पत्रं, जुने हिशेब, सगळं निघालं. दक्षिण भाग तेवढा निघाला नाही. वाईट वाटतंय.

थट्टा पुढच्या पत्रासाठी राखून ठेवते. तू तो भाग आधी पायांनी काढलास आणि मग कागदावर. पाय अजून आहेत ना? मग बूट घाल. एकटा जाऊ नकोस, वहिनीला घेऊन जा.

तुझ्या बाजूची,
धाकटी

२४ एप्रिल

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

दुरुस्तीवाल्यानं एसएसडी बसवली. आता मी चष्मा शोधेपर्यंत कॉम्प्युटर तयार होऊन माझ्याकडे बघत बसतो. जरा उर्मटच वाटतो.

रोज सकाळी आम्ही दोघं दक्षिण भागात गेलो. पहिल्या दिवशी मी चौकात उभा राहून आठवत होतो, तर ही पुढे जाऊन दवाखान्याच्या पायरीसमोर थांबली आणि म्हणाली, एक इथे. डांबराखाली व्हॉल्व्हचं झाकण होतं. मग शाळेची भिंत, मग लॉन्ड्री. तीस वर्षं फिरायला निघालो की मी प्रत्येक झाकणापाशी वाकायचो आणि ही भाजीची पिशवी घेऊन ताटकळायची. कुठे उन्हात, कुठे सावलीत, कुठे चप्पल तुटलेली असताना, सगळं तिच्या लक्षात. एका जागी मी व्हॉल्व्ह डावीकडे म्हटलं, ही उजवीकडे. इंजिनिअरबाईंनी खणून पाहिलं. उजवीकडेच निघाला. घरी येईपर्यंत ही मुद्दाम माझ्या उजवीकडून चालली. बोलली असती तर बरं झालं असतं.

काल नकाशा दिला. कोपऱ्यात दोन चौकटी असतात. 'आरेखन'मध्ये माझं नाव आहे. 'तपासणी'त मी हिचं घातलं, आणि इंजिनिअरबाईंनी ते तसंच ठेवलं. घरी आणलेली प्रत हिनं टेबलावर पसरली, चष्मा पुसून बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, अक्षर जरा मोठं चाललं असतं.

दोघांचे आशीर्वाद.
दादा