दाढोबाने हात केला

४ एप्रिल

रोजनिशी लिहायची म्हणून ही वही घेतली, त्याला वर्ष होत आलं. तेवढ्या काळात तिच्यात एका लॉजचा पत्ता, एका बसचा नंबर आणि अर्धवट मिशीचा एक माणूस काढून झाला. लिहिणं रोज उद्यावर. आज मात्र लिहिण्यासारखं आहे. मी पालक झालोय! ताईला कळलं तर ती आधी हसेल, मग त्या बिचाऱ्याची कीव करेल.

तर झालं असं. या गावात उतरलो आणि त्याच दिवशी लाँड्रीत काम मिळालं. हॉटेलं आणि दवाखाने यांच्या चादरी येतात. मी गरम रोलरवर आहे, म्हणजे इकडून ओली चादर घालायची, तिकडून कागदासारखी कडक निघते. दुपारी सुटतो तेव्हा अंगातून वाफ निघत असते. मुकादम म्हणतो, तुझ्या पाठीवर एखादा शर्ट इस्त्री करून घ्यावा. बरा आहे माणूस. त्याच्या डाव्या हाताला करंगळी नाही, पण ती गोष्ट मोठी आहे, नंतर कधीतरी.

खोलीचं सांगत होतो. खाली घरमालकीण काकू राहतात, वरची एकच खोली भाड्याने. आधीचा भाडेकरू आजारी पडून गेला आणि एक काचेची पेटी मागे राहिली. काकूंनी कुलूप काढता काढताच सांगून टाकलं की खोली हवी असेल तर पेटीतलं ध्यानही सांभाळावं लागेल. त्याला जिवंत रातकिडे खायला लागतात. काकू डोळे मिटून टाकायच्या, अर्धे पेटीत, अर्धे पलंगाखाली.

पेटीत बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू. वाळवंटातला सरडा हा. नाव ड्रॅगन आणि ऐवज माझ्या पंजाएवढा. चिडला की हनुवटीखालची काटेरी कातडी फुगवतो, तीच दाढी. मी म्हटलं, याची दाढी अजून नीट फुटलेली दिसत नाही. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, मग जमेल तुमचं दोघांचं. त्याचं नाव दाढोबा ठेवलं.

आजवर मी कुठेच टिकलो नाही. शाळा, काम, गाव, काहीच नाही. पण हा माझ्या हातून मरता कामा नये, एवढं ठरवलंय.

८ एप्रिल

दाढोबाचा संसार लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही. पेटीच्या एका टोकाला दिवा, त्याच्याखाली सपाट दगड. तिथे कडक ऊन पडल्यासारखं तापलं पाहिजे. दुसरं टोक गार. त्याच्या अंगात स्वतःची ऊब तयारच होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. दगडावर पसरायचं, पोट तापवायचं, मगच खाल्लेलं पचतं. ऊब नाही मिळाली तर पोटातलं अन्न तसंच कुजतं. रातकिडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा द्यायचा नाही. उरलेले किडे पेटीत ठेवायचे नाहीत, ते उलटे यालाच चावतात. हे सगळं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून. लाँड्रीच्या गल्लीतच दवाखाना आहे. त्यांनी हेही सांगितलं की वरून हात घालायचा नाही, समोरून घालायचा. डोक्यावर एक फिकट खवला असतो, त्याला वरची सावली कळते. वरून येतो तो खाणारा, एवढं त्याला जन्मतःच ठाऊक.

आणि आजची गंमत! मी कामावरून आलो, पलंगावर टेकलो, तर दाढोबा दगडावर उभा राहिला, पुढचा एक पाय उचलला आणि हवेत हळूच गोल फिरवला. चक्क हात केला मला. मीही केला. त्याने परत केला. आमचं हे बराच वेळ चाललं होतं. मला वाटतं, घरी आल्यावर घरातल्या कुणी मला हात करायची ही पहिलीच वेळ.

११ एप्रिल

हात करणं रोजचंच झालंय. दार उघडलं की त्याचा हात वर, मग माझा. खाली काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, दोघं मिळून सर्कस काढा.

पण खाणं कमी झालंय त्याचं. रंगही गडद. अंग चपटं करून दिव्याखाली पडून राहतो, थंडी वाजत असल्यासारखा. पेटीतला तापमापक बघितला तर काटा निम्म्यावर. दिवा बदलला. नवा दिवा लख्ख लागतो, काच हाताला चटका देते, पण दगड गारच. दगडावर हात ठेवून बसलो. उजेड पडतोय, ऊब पोचतच नाही. मधेच कुणीतरी ती घेतंय असं वाटलं. काहीही सुचतं मला.

दुपारी झोपलो तर छातीवर ओझं आल्यासारखं झालं. दमलोय. ओल्या चादरी फार जड असतात, त्यात आज दवाखान्याच्या होत्या. उठलो तेव्हा बाहेर रणरणतं ऊन होतं आणि माझे दात वाजत होते.

१४ एप्रिल

ताईचा फोन. म्हणाली, तुझा आवाज म्हाताऱ्यासारखा का येतोय, काही खातोस का, की नुसत्या त्या पालीलाच भरवतोस? म्हटलं, पाल नव्हे, ड्रॅगन. ती म्हणाली, चिमीला घेऊन येऊ का दोन दिवस, तीन वर्षांची झाली, मामा कसला असतो ते तिला फोनवरूनच माहीत. नको म्हटलं. खोली लहान आहे, जिना उंच आहे. खरं म्हणजे लाज वाटली. उन्हाळ्यात मी स्वेटर घालून बसलोय, ते तिला दिसलं असतं.

मुकादमाने आज पाठीवर थाप मारली आणि हात झटकला. म्हणाला, रोलरवरून आलास की बर्फाच्या लादीवरून?

१५ एप्रिल

दाढोबाच्या शेपटीचं टोक गेलंय. कुणीतरी चावून तोडल्यासारखं.

डॉक्टरीणबाईंकडे धावलो. त्यांनी जखम बघितली आणि मलाच झापलं. एका पेटीत दोन का ठेवलेस? मोठं पिल्लू लहानाची शेपूट, बोटं खातं. त्याच्या अंगावर चढून झोपतं. माणसांना वाटतं, काय प्रेम आहे! प्रेम कसलं, ते त्याची ऊब खात असतं. खालचा वाळत जातो, वरचा पोसतो.

मी म्हटलं, बाई, एकच आहे हो.

त्यांचा विश्वास बसेना. मग मी त्याची हुशारी सांगावी म्हणून हात करण्याचं सांगितलं. त्यांनी पट्टी बांधायचं थांबवलं. म्हणाल्या, ती काही ओळख दाखवणं नव्हे. समोर मोठा असला की लहान पिल्लू तसा हात करतं. मी लहान आहे, तू मोठा, तुझंच चालू दे, असा त्याचा अर्थ. आणि मोठा असतो तो मान वर खाली करून कबूल करतो.

मग विचारलं, एकटाच आहे ना? मग हात कुणाला करतो?

म्हटलं, मलाच करत असेल.

१६ एप्रिल

आज नीट पाहिलं. मी पलंगावर. दाढोबा दगडावर. हात वर केला. पण त्याचा डोळा माझ्यावर नव्हता. माझ्या डोक्याच्या थोडा वर. मी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलो. त्याचा डोळाही फिरला, माझ्या मागोमाग, आणि परत तसाच थोडा वर. दाढी काळी ठिक्कर पडली.

म्हणजे ते माझ्या मागेच असतं.

आणि मी इतके दिवस रोज हात वर करतोय. त्याच्याबरोबर. कुणालातरी सांगतोय, मीही लहान आहे, तुझंच चालू दे.

१७ एप्रिल

काकूंना आधीच्या भाडेकरूचं विचारलं. सांगायचं नव्हतं त्यांना. भाजी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या की चांगला धिप्पाड होता, दार वाकून ओलांडायचा. शेवटी शेवटी उन्हात दोन रजया घेऊन बसायचा. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. न्यायला त्याची आई आली. जिन्यावरून तिने एकटीने उचलून नेला त्याला. काकू म्हणाल्या, लेकराला नेतात तसा, कडेवर.

मला विचारलं, तुम्ही सोडून जाणार का खोली? त्यांनी उगीचच एक भाजीची जुडी माझ्या हातात दिली.

वर आलो. मोठा मान हलवतो म्हणे. मी म्हटलं, मग मीही हलवतो. खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि मान हलवली, वर खाली, जोरात, वेड्यासारखी. काही झालं नाही.

मग छताला टांगलेला बल्ब वर खाली व्हायला लागला. हळू. मग पलंगाचं डोक्याकडचं टोक. मग पेटीचं झाकण, खिडकीची काच, पाण्याचा पेला, सगळं एकदम, वर खाली, वर खाली —

माझा हात आपोआप वर गेला. मी केला नाही. आपोआप गेला.

सगळं थांबलं.

१८ एप्रिल

दाढोबाला खोक्यात घालून बाहेर पडलो. भर दुपार. पाठीवर ओझं होतं. कुणी गळ्यात हात टाकून बसल्यासारखं. म्हणजे ते खोलीचं नाही. ज्याला धरतं त्याच्याबरोबर जातं. आधीच्याची ऊब संपली तेव्हा ते दाढोबाकडे वळलं असणार.

ऊन माझ्यापर्यंत येत नव्हतं. अंगावर पडत होतं फक्त. पण खोक्यात बघितलं तर दाढोबाचा रंग उजळलेला. पिवळसर झाला होता, पहिल्या दिवशी होता तसा. त्याचा पिच्छा सुटला होता. माझ्यात जास्त ऊब असणार.

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, ठेवून घ्या. त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी शोधत राहिल्या. म्हणाल्या, याला ठेवते, पण तू आत्ताच्या आत्ता माणसांच्या दवाखान्यात जा. हो म्हटलं. गेलोही. बसवून ठेवलं, रक्त घेतलं, सगळं ठीक आहे म्हणाले, झोप घे म्हणाले.

दाढोबा मात्र जगेल. एक तरी काम पुरं केलं.

आता मी एकटाच लहान उरलो.

२० एप्रिल

कामावर गेलो नाही. जिना उतरता येत नाही. शर्ट केवढा मोठा झालाय —

ताईचा फोन. चित्र दिसणारा. उचलायला नको होता. तिने आधी चिमीचं तोंड दाखवलं, मामाला टाटा कर म्हणाली. चिमी हसत होती. मग हसायची थांबली. माझ्याकडे नव्हती बघत. थोडं वर —

आणि हात केला. हळूच. गोल फिरवून.

माझ्या कानाशी काहीतरी हललं. वर खाली.

फोन भिंतीवर फेकला.

२१ एप्रिल

फोन चालू आहे. काच तडकली, पण चालू आहे. माझं बोट त्याला कळत नाही. काचेला ऊब लागते म्हणे. गालाने दाबून पाहिलं. जिभेने. नाही —

ताईला सांगायचं होतं — येऊ नकोस. काय वाट्टेल ते वाटू दे, पण येऊ नकोस, तिला आणू नकोस —

पेन्सिल मुठीत धरून लिहितोय. लिहिलेलं कोण नेऊन देणार —

काकूंना हाका मारल्या. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

२२ एप्रिल

छातीवर. आता उतरतच नाही. पूर्ण पसरलंय. पोट टेकून —

झोप येते आहे फार. दगडासारखं पडून राहावं. खरं तर आता फार वाईटही नाही वाटत —

खाली रिक्षा थांबली.

काकूंचा आवाज. कुणाशी तरी बोलताहेत. वर आहे हो, दोन दिवस उतरलाच नाही, बरं झालं तुम्ही आलात, मला तर —

ताई. ताईचा आवाज. फोन असा कसा तोडला, दोन रात्री डोळा लागला नाही म्हणते —

आणि चप्पल. छोटी. चिमी पुढे पळत येते आहे, जिन्यावर, मामा मामा करत, ताई मागून ओरडते, पडशील —

ओरडलं पाहिजे. नको चिमे. परत फिर. तोंड उघडतंय, पण —

छातीवरचं उठलं.

एकदम. श्वास आला. बोटं गरम होताहेत, ऊन लागतंय अंगाला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, किती बरं वाटतंय, किती —

दाराची कडी. मी लावली होती ना? वर खाली, वर खाली —

चिमे, हात करू नको, हात क